सर्व्हरच्या गळ्यात झेंडूची माळ

माझा सगळा जन्म पोचवण्यात गेला. पोस्टात नव्हते मी, कुरिअरमध्येही नव्हते. मी जी वस्तू पोचवायची ती हातात धरता येत नाही, तिला वजन नाही, वास नाही, आणि पोचली तरी कुणी पोच देत नाही. फाइल. प्रोग्रॅमची फाइल. एकीकडे कुणी हुशार माणूस प्रोग्रॅम लिहून मोकळा होतो, दुसरीकडे एक यंत्र तो चालवायला ताटकळत बसलेलं असतं, आणि मधल्या वाटेवर मी. शेजारच्या काकू अजून विचारतात, "मीना, तू इतकी वर्षं सांगलीत करत काय होतीस गं नेमकं?" मी म्हणते, "हमाली, काकू." त्यांचं समाधान होतं. माझंही होतं, कारण ते खरंच आहे.

लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, बटण दाबलं की झालं. बटण दाबून झालं असतं तर माझे केस अजून काळे असते. सुरुवातीला आम्ही फ्लॉपी एसटीनं पाठवायचो. साताऱ्याहून कोयनानगरला एकदा एक पाठवली. मी वाढले कोयनानगरच्या वसाहतीतच, तेव्हा रस्ता पाठ, घाट पाठ, कंडक्टरसुद्धा ओळखीचा. म्हटलं, "मामा, जपून न्या हं, नाजूक वस्तू आहे." त्यांनी इतकी जपली, इतकी जपली, की ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर ठेवली, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. घाट चढून गाडी वर जाईपर्यंत फ्लॉपी भाजलेल्या पापडासारखी वळली होती. मामांचा काही दोष नाही. नाजूक म्हटलं होतं, तापू देऊ नका म्हटलं नव्हतं.

आणि एक कवठे महांकाळचे बेदाण्याच्या शीतगृहाचे मालक होते. त्यांच्याकडच्या थंडीचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही केला, इथून तारेवरून त्यांच्या यंत्रात सोडला, चालूही झाला. दुसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर. "म्याडम, फाइल बघायची हाय."

"अहो, पोचली ना? चालतीय ना?"

"चालतीय वो. पर बघितली न्हाई अजून. केवढी हाय, कशी हाय, जरा दावा की."

पडद्यावरचं चित्र दाखवलं. बोटाच्या पेराएवढं. ते चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघत राहिले. "एवढीच?" मग मी काय केलं, ती फाइल एका पेनड्राइव्हवर घातली, पेनड्राइव्ह पेढ्याच्या पुड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. माणूस खूश होऊन गेला. तो पेनड्राइव्ह त्यांनी बहुतेक तिजोरीत ठेवला असणार. माझ्या धंद्यात एवढ्या आदरानं कुणीही कधी डिलिव्हरी घेतली नाही, हे आपलं सांगून ठेवते.

पण मला सांगायचंय ते शेवटच्या नोकरीतलं, निवृत्त व्हायच्या थोडं आधीचं. त्यासाठी आधी जरा धंद्याची उस्तवार समजावून घ्यावी लागेल. घाबरू नका, परीक्षा नाही.

सांगलीत नानांचं मोटारी गुंडाळायचं वर्कशॉप होतं. जळालेल्या मोटारी यायच्या, तांब्याची तार गुंडाळून धडधाकट होऊन जायच्या. नानांचा हात त्यात बसलेला. पुढं त्यांना नवं सुचलं, म्हणून वरच्या मजल्यावर दुसरी फर्म काढली. खाली मोटारी, वर आम्ही. काम असं, की एका दूध संघाच्या गावोगावच्या संकलन केंद्रांत दूध गार करायच्या मोठ्या टाक्या असतात, त्यांत नानांनी तापमान आणि दुधाची पातळी मोजणारी यंत्रं बसवली. ती यंत्रं दिवसरात्र आकडे पाठवत राहायची. चार, चार, पाच, चार. आमच्या सर्व्हरमध्ये ते आकडे सारखे वाहत यायचे, आणि आमचा प्रोग्रॅम वाहत्या आकड्यांवरच निवाडा करायचा. दिवसअखेर गोळा करून हिशेब नाही. दूध थांबत नाही तर हिशेब थांबून कसं चालेल? टाकी गार असली की हिरवा, तापली की लाल. लाल आला की टँकरवाल्याच्या फोनवर दिसणार आणि तो त्या केंद्राचं दूध घेणार नाही. तीन लाल झाले की केंद्राची मान्यता गेली, टाकी उचलून दुसऱ्या गावाला. नियम संघाचा. लाल मात्र आमच्या फाइलनं ठरवायचा.

हा प्रोग्रॅम उघड्यावर चालत नाही. तो एका कंटेनरमध्ये चालतो. आम्ही सरळ डबा म्हणायचो. प्रोग्रॅमला लागेल ते सगळं आत भरून, झाकण लावून, डबा सर्व्हरवर ठेवायचा. फाइल डब्यात पोचवायच्या रीती म्हणाल तर तीन. डबा भरतानाच आत घालून झाकण लावायचं, ही पहिली, माझी आवडती. बाहेर एका फळीवर फाइल ठेवायची आणि डब्यानं हात लांब करून ती वाचायची, ही दुसरी. डबा सुरू होताना त्यानं स्वतः भांडारात जाऊन घेऊन यायची, ही तिसरी. तिन्ही शहाण्या माणसांच्या रीती.

चौथी रीत नानांची. चालत्या डब्याचं झाकण किलकिलं करून वरून फाइल आत सोडायची. हातानं. चालते, लगेच चालते, टाळ्या पडतात. पण डब्याचा स्वभाव असा, की तो एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की जसा भरला होता तसाच उठतो. मधे कुणी काय वरून टाकलं ते त्याच्या गावीही नसतं. हे मी नानांना किती वेळा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "मीनाताई, बंद करायचाच कशाला मग?"

आता रुक्साना. आटपाडीकडच्या एका गावातलं बायकांचं दूध केंद्र ती चालवायची. नवरा बांगड्यांचा व्यापार करत बाजार फिरायचा, ही दारोदार फिरून बायका गोळा करायची. गावातल्या पुरुषांनी टाकी आपल्या ताब्यात यावी म्हणून बरीच खटपट केली होती, पण हिनं ती बायकांच्या नावावर आणली. सगळा गाव तिला भाभी म्हणायचा. त्या केंद्रावर एकामागून एक दोन लाल आले.

पहिल्या लालनंतर बायका घाबरल्या. दुसऱ्यानंतर एकमेकींकडं बघू लागल्या. मशीन लाल म्हणतंय म्हणजे कुणीतरी शिळं, नासकं दूध घालतंय. कोण? बोट गेलं हौसाक्कांवर. वय झालेली बाई, एकच म्हैस, घर लांब, केंद्रावर पोचायला उशीर. तिचं दूध घ्यायचं थांबवलं. रुक्सानाचं मन घेत नव्हतं, पण सगळ्या एका बाजूला, तिचं कोण ऐकणार? म्हातारी भरली किटली घेऊन परत घरी गेली आणि त्यानंतर केंद्राच्या वाटेनं फिरकली नाही.

हे रुक्सानानं मला सांगितलं ते ऑफिसात बसून. ती एसटीनं सांगलीला आली होती, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला. "म्याडम, आजून एक लाल झाला तर आमची टाकी जाईल. मग ह्या बायका परत दूध घागरीत घिऊन हाटेलवाल्याच्या दारात बसणार. मला तेवढं सांगा, आमचं चुकतंय कुठं?"

मी आकडे काढले. बघते तर दोन्ही लालांच्या वेळी टाकी नुसती तापलेली नव्हती, चांगली कढत होती. दूध नासतं तेव्हा इतकं तापत नाही हो. मी विचारलं, "टाकी धुता कधी?"

"पानी आलं की."

"म्हणजे टँकर दूध घेऊन गेला की लगेच नाही?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "लगीच? आवं, पानी कुठलं लगीच? नळाला येतं तवा येतं. आलं की बंबात तापवायचं, कढत पान्यानं टाकी घासायची. सकाळी टँकर गेला आन दुपारी पानी आलं तर दुपारी. तोवर कोरडी पुसून ठिवतो."

झालं! सांगलीत नदीच्या काठावर बसून आम्ही गृहीत धरलेलं, की टँकर गेला की माणूस टाकी धुतोच. तेवढा वेळ आमचा प्रोग्रॅम डोळेझाक करायचा. त्यानंतर टाकी गरम दिसली की दूधच तापलं, असा त्याचा समज. पाणी वाट बघायला लावतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि ह्यात शरमेनं मान खाली घालण्यासारखं पुष्कळ आहे. नवी फाइल केली. आधी टाकीतली पातळी बघायची. टाकी रिकामी असेल तर कढत असो नाहीतर बर्फ असो, लाल द्यायचा नाही. इतकं सोपं.

मी म्हटलं, "नाना, नवा डबा भरते." नाना म्हणाले, "डब्यात बाकीची कामं अर्धवट आहेत, ती पुरी करून दसऱ्यानंतर नीट भरा. आत्ता बाईचं काम अडायला नको." आणि स्वतः, आपल्या हातानं, वरून सोडली. चौथी रीत. रुक्साना समोर बसलेली, मी तरी काय बोलणार?

ती उठताना म्हणाली, "मग ते आधीचे दोन लाल?"

नाना खाकरले. "पुढं होणार नाही आता. मागचं जाऊ दे."

मागचं काढायचं म्हणजे संघाला सांगायला हवं, की आमचा निवाडा चुकला. कंत्राट नवं होतं. मी नानांकडं बघितलं, नानांनी खिडकीकडं बघितलं. रुक्साना गेली, पण तिच्या तोंडावरचा भाव मला काही बरा वाटला नाही.

आणि मग आली खंडेनवमी.

तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं वर्कशॉपवाला माणूस खंडेनवमीला किती मानतो. वर्षभर राबलेल्या हत्यारांना त्या दिवशी सुट्टी. पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि हात लावायचा नाही. खाली पान्हे, पक्कड, लेथ सगळं मांडून झालं. नाना वर आले, हातात एक भलीमोठी माळ. "मीनाताई, ही तुमच्या सर्व्हरला."

"घाला की."

"अशी नाही. चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत. बंद करा."

मी उडालेच. "नाना, दूध वाहतंय!"

"वर्षभर एक क्षण झोपलेली नाही ती. बैलालासुद्धा बेंदराला जुंपत नाहीत. आरतीपुरते डोळे मिटू दे."

मी विचार केला. सकाळचे टँकर गेलेले, संध्याकाळचं दूध यायला अवकाश. तेवढ्या वेळात गावांतली यंत्रं आकडे आपल्यापाशी धरून ठेवतात आणि सर्व्हर उठला की पाठवतात. नुकसान काहीच नाही. शिवाय नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ह्या माणसाच्या डोळ्यांत मोटार जळाली तरच पाणी येतं. मी सर्व्हर बंद केला. माळ घातली. आरती झाली, पेढे झाले. पुन्हा चालू केला. सगळे दिवे हिरवे. नाना म्हणाले, "बघा, किती ताजीतवानी वाटतीय!"

ताजीतवानीच होती. इतकी ताजी, की मधलं सगळं विसरून उठली होती. ते माझ्या डोक्यात आलं नाही आणि नानांच्या तर येणारच नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी घरी श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढत होते. फोन वाजला. रुक्साना. आवाज एकदम बारीक. "म्याडम, लाल आलाय."

"कधी?"

"काल दुपारी पानी आलं, टाकी धुतली. आता टँकर आलाय दारात, बाळू म्हंतोय घेता येत न्हाई. तिसरा हाय ओ."

माझ्या हातातलं पुरणयंत्र खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. एका क्षणात सगळं उलगडलं. डबा बंद केला, डबा उघडला, जुनी फाइल. आम्ही आमच्या हातानं, हळदीकुंकू लावून, गंध लावून त्या केंद्राच्या गळ्याला फास लावला होता. "बाळूला दे फोन," मी म्हटलं.

टँकरवाला बाळू गरीब माणूस. "म्याडम, मला कळतंय वो. दूध हुंगून बघितलं, झ्याक हाय. पर माझं नाक संघाला चालत न्हाई, फोन चालतो. फोन लाल हाय. मला म्होरची गावं हायत, मी निघतो."

"बाळू, थोडं थांब रे."

"किती?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "भाभीला दे." आणि रुक्सानाला सांगितलं, "चूक आमची आहे, मी दुरुस्त करते. टँकर गावाबाहेर जाऊ देऊ नकोस. काहीही कर."

"काय करू? आडवी पडू?"

"पडू नको बाई, सणाचं!" मी म्हटलं, आणि मलाच काय सुचलं कोण जाणे, "टँकरची पूजा झालीय का विचार."

लगेच फोनमधून मला तिचा चढलेला आवाज ऐकू आला. "काय रं बाळू, दसऱ्याच्या दिशी बिनपूजेची गाडी रस्त्यावर घातलीस व्हय? काय म्हनावं तुला? आं? नारळ कुठाय? आगं, ताट आना गं!"

मी ऑफिसकडं धावले. हाताला चक्का तसाच. नाना धोतर-सदरा, टोपी अशा थाटात सोनं वाटायला निघालेले, त्यांना जिन्यातच पकडलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग लगेच म्हणाले, "हात्तिच्या, मग टाका की परत वरून. पटकन होईल."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, टँकर थांबलाय!"

"थांबू दे. नाना, आता जर मी वरून टाकली ना, तर पुढच्या वेळी वीज गेली तरी हाच तमाशा. ती बाई पुन्हा मला फोन करेल आणि मी पुन्हा धावेन. डबा नीट भरणार. तुम्ही बसा तिथं." मालकाला असं बोलायचं नसतं. पण हाताला चक्का लागलेली बाई कुणाला भीत नाही.

अर्धवट कामं बाजूला काढली, नवी फाइल आत घातली, डबा भरायला लावला. भरायला वेळ लागतो तो लागतोच, त्याला घाई कळत नाही. मधे रुक्सानाला फोन लावला. मागं टाळ्या आणि झांजा.

"कुठवर आलं?" मी विचारलं.

"नारळ फुटला, गाडीला हळदीकुंकवाचे पट्टे ओढून झाले, चारी चाकांखाली लिंबं ठिवली. हार घालायला शिडी शोधायला एक बाई गेलीय, ती शिडी घिऊन येनार न्हाई, सांगून ठिवलंय. आता आरती चालू हाय. पर म्याडम, घोळ झालाय. ह्या बायकांस्नी एकच आरती येती. ती दोनदा झाली. बाळू हसाय लागलाय."

"मग?"

"समद्या आरत्या येनारं मानूस गावात एकच हाय." ती म्हणाली. "हौसाक्का."

मग तीच म्हणाली, "मी जाते. पायाच पडते म्हातारीच्या."

पुढचं मी फोनवरच ऐकलं, रुक्सानानं तो चालू ठेवून कमरेला खोचला होता. दार वाजवल्याचा आवाज, कुत्रं भुंकलं. मग एक खणखणीत म्हातारा आवाज, "माजं दूध नासकं, व्हय? म्हशीची किटली दारातनं परत धाडली. आन आता आरतीला माजा गळा ग्वाड लागतोय?"

"आक्का, तुमचं खरं हाय. माझं चुकलं, मी त्यांच्या म्होरं बोलले न्हाई. पर टाकी चाललीय वो. मला शिव्या द्या, पर दोन आरत्या म्हना आन मग द्या."

म्हातारी म्हणाली, "चपला कुठं गेल्या माज्या? आगं बघ की खाली, मला वाकाय येत न्हाई!"

मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, नाना माझ्याशेजारी बसून हे सगळं ऐकत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

डबा भरला. जुना उतरवला, नवा चढवला. आत जाऊन बघितलं, नवी फाइल. पण नुसती फाइल पोचून काल दुपारचा लाल जात नाही. इथं आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते, मला फार आवडते ती. वाहून गेलेले आकडे आम्ही टाकून देत नाही, ओळीनं राखून ठेवतो. डब्याला सांगता येतं, मागं जा आणि तिथून पुन्हा मोजत ये. माणसाच्या आयुष्यात ही सोय नाही. मी विचारलं, "नाना, कालपासून मोजायला लावू, का पहिल्यापासून?"

पहिल्यापासून म्हणजे आधीचे दोन लालही त्यात येणार आणि सगळं उघड्यावर येणार, हे त्यांना न सांगताच कळलं. फोनमधून हौसाक्कांचा आवाज येत होता. वय झालेलं, पण काय गळा! एक संपली की दुसरी, मधे श्वाससुद्धा नाही. गणपतीची झाली, देवीची झाली, महादेवाची सुरू झाली. बाळूचा आवाज आला, "आक्का, आवं, टँकर हाय, देऊळ न्हाई." "गप रं, हात जोड!"

नाना म्हणाले, "पहिल्यापासून लावा."

आकडे पळू लागले. पहिला लाल आला आणि पुसला गेला. टाकी रिकामी. दुसरा लाल, टाकी रिकामी. कालचा, टाकी रिकामी. केंद्राच्या नावासमोर हिरवा दिवा लागला. पण तिसऱ्या लालनं संघाकडं कुलूप पडलेलं असतं आणि ते त्यांच्या साहेबांनीच काढावं लागतं. फोन नानांनी आपल्या मोबाइलवरून लावला. मी लावते म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

साहेब सणाच्या सकाळी तडकले. "म्हणजे तुमची सिस्टिम चुकली?"

"चुकली साहेब."

"आणि आधीचे दोन?"

नानांनी घाम पुसला. "तेही आमचेच. आम्हाला कळलं होतं. सांगितलं नाही तुम्हाला."

साहेब जे काही बोलले ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही. काम काढून घेण्याची भाषा झाली. पुढं घेतलं नाही, पण तेव्हा ते आम्हाला काय माहीत? नाना नुसते "हो साहेब, खरंय साहेब" म्हणत उभे. शेवटी साहेबांनी आकडे स्वतः उघडून बघितले, पुटपुटले आणि कुलूप काढलं.

पलीकडं आटपाडीकडं बाळू ओरडला, "हिरवा! भाभी, हिरवा झाला!" आरती मधेच तुटली. बायकांचा एकच गलका, कुणी हसतंय, कुणी रडतंय, पाइप ओढल्याचा आवाज, टँकरचं झाकण उघडल्याचा आवाज. रुक्साना फोनवर आली. "म्याडम... म्याडम..." एवढंच.

तेवढ्यात फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. "बाई, मी हौसा बोलतीया. ती तुमची मशीन मागचं बी समदं सांगती म्हनं?"

"सांगते, आक्का."

"मग इचारा तिला. ते पैले दोन लाल झालं तवा माजं दूध कसं व्हतं?"

मी म्हटलं, "आक्का, त्या दोन्ही वेळी टाकीत दूधच नव्हतं. टाकी धुणं चाललं होतं. तुमचं दूध चांगलं होतं. कुणाचंच नासलं नव्हतं."

"मला ठावं हाय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मला कशाला सांगता? ह्या समद्यास्नी सांगा. भाभीनं फोन मोठा केलाय. वरडून सांगा."

मी बोलणार तेवढ्यात नानांनी फोन माझ्या हातातून घेतला. टोपी घातली. उभे राहिले, समोर माणसं असल्यासारखे.

"हौसाक्का, मी ह्या कंपनीचा मालक बोलतोय. बायांनो, सगळ्यांनी ऐका. आक्कांचं दूध चांगलं होतं. पहिल्या दिवशी चांगलं होतं आणि दुसऱ्या दिवशीही चांगलं होतं. खोटं आमचं मशीन बोललं. आणि आम्हाला कळल्यावर आम्हीसुद्धा गप्प बसलो."

तिकडून पंप चालल्याचा आवाज येत होता. मग हौसाक्कांनी एक मोठा श्वास सोडला, तो आम्हाला सांगलीत ऐकू आला.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. "बाळू, दूध भरंस्तवर थांबायचंच हाय न्हवं तुला? मग ती अर्धी ऱ्हायलेली आरती पुरी करू. देवाचं अर्धं ठिवू नये. म्हना गं."

ह्या वेळी सगळ्या बायका त्यांच्या मागनं म्हणत होत्या, येत नव्हती त्यासुद्धा. बाळूच्या टाळ्या वेगळ्या ऐकू येत होत्या. नानांनी फोन टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, आणि आरती संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.